पोर्सेलीन की सिरॅमिक? आधी लादी उलटी करून बघा

कुपवाडला दोन बेडरूमचं घर बांधणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "दुकानदार म्हणतात सगळीकडे पोर्सेलीनच घाला. आमचे मिस्त्री म्हणतात, सिरॅमिकनं काय घोडं मारलंय? दोन्ही लाद्या शेजारी ठेवल्या तर आम्हाला एकसारख्याच दिसतात. मग फरक नेमका कशात, आणि जादा पैसे कुठं घालायचे?"

ताई, एकसारख्या दिसतात कारण तुम्ही त्या सरळ बाजूनं बघताय. वरची बाजू म्हणजे हल्ली निव्वळ छपाई. संगमरवराचा फोटो सिरॅमिकवरही छापतात आणि पोर्सेलीनवरही. साड्यांच्या दुकानात आपण पदर बघून भुलतो आणि पोत बघायचं विसरतो, तसलाच प्रकार. मी सत्तावीस वर्षं सांगली-मिरज-कुपवाड भागात फरशीचं काम करतोय, आणि आजही नवीन लादी हातात आली की आधी उलटी करतो.

तुम्हीही दुकानात हेच करा. लादी उलटी ठेवा, मागच्या बाजूला भट्टीतली पांढरी भुकटी लागलेली असेल तर बोटानं चोळून काढा. दुकानदारानं पाणी दिलेलंच असतं, त्यात बोट बुडवून एक थेंब सोडा आणि मिनिटभर गप्पा मारा. सिरॅमिक असेल तर थेंब पसरतो, खाली काळपट डाग उमटतो आणि हळूहळू पाणीच दिसेनासं होतं. पोर्सेलीन असेल तर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. पुसला की जागा कोरडी. तुटका तुकडा मिळाला तर आणखी बरं, तुटलेल्या कडेवर थेंब टाका. तिथं ना भुकटी, ना ग्लेझ म्हणजे वरचा काचेचा थर, लादीची खरी बॉडी समोर असते.

घरी करायची पक्की परीक्षाही सांगतो. लादीचा तुकडा उन्हात चांगला वाळवा, किचनच्या काट्यावर वजन करा, चोवीस तास बादलीत बुडवून ठेवा, मग फडक्यानं पुसून परत तोला. एक किलोचा तुकडा शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त वाढला तर ती भिंतीची सिरॅमिक. चार-पाच ग्रॅमच्या पुढं काटा हललाच नाही तर पोर्सेलीन. प्रयोगशाळेत लादी उकळून किंवा निर्वात करून याहून कडक चाचणी घेतात, पण आपल्या कामाला बादली पुरते.

सगळा फरक या पाण्यातच आहे. माठ आणि लोणच्याची बरणी आठवा. दोन्ही मातीच्याच, दोन्ही भट्टीतून आलेल्या. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं. बरणी पाझरली असती तर कैरीचं लोणचं आषाढ बघू शकलं नसतं. सिरॅमिक लादीची माती साधी, लालसर किंवा पांढरट, आणि भाजणी साधारण १०५० ते ११५० अंश सेल्सिअसला. माती पक्की होते, पण आत बारीक छिद्रं राहतात. पोर्सेलीनच्या मिश्रणात पांढरी चिनी माती, क्वार्ट्झ आणि बरंचसं फेल्स्पार हे खनिज असतं, दाब जास्त असतो आणि भाजणी १२०० अंशांच्या वर जाते. तेवढ्या उष्णतेत फेल्स्पार वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं भरून टाकतो. इंग्रजीत काच होण्याच्या या क्रियेचं जे नाव आहे त्यावरूनच आपल्या दुकानातला 'व्हिट्रिफाइड' शब्द आलाय. म्हणजे तुमचा दुकानदार पोर्सेलीन म्हणतो आणि शेजारचा व्हिट्रिफाइड म्हणतो, तेव्हा दोघं बहुतेक वेळा एकाच जातीबद्दल बोलत असतात. आणि खरं बोलायचं तर पोर्सेलीन हीसुद्धा सिरॅमिकच; पण आपल्या बाजारात 'सिरॅमिक' म्हटलं की पाणी पिणारी लादी, असाच अर्थ धरतात.

नावावर मात्र जाऊ नका. गुजरातच्या मोरबीहून लाद्यांचे ट्रक भरून येतात, खोक्यावर इंग्रजीत काय वाट्टेल ते छापलेलं असतं. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात एक गट दिलेला असतो, तो शोधा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १३००६, त्यात दाबून केलेल्या लाद्यांचे गट पाणी शोषण्यावरूनच पाडलेत. वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंत पाणी घेणारी ती 'बी-१-ए', म्हणजे पोर्सेलीन. १० टक्क्यांहून जास्त पिणारी ती 'बी-३', म्हणजे भिंतीची. मधल्या पायऱ्या ३, ६ आणि १० टक्क्यांवर बदलतात. खोक्यावर गटाच्या नावातले १, ३ हे आकडे रोमन अंकांत (I, III) असतात एवढं लक्षात ठेवा. आपलं भारतीय मानक आयएस १५६२२, तेही खोक्यावर दिसायला हवं. गटच छापलेला नसेल तर मी तरी ते खोकं परत पाठवतो.

ताकदीचंही तसंच. छिद्रं कमी तर लादी कणखर. आयएसओच्या हिशेबानं साडेसात मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोर्सेलीननं मोडण्याआधी किमान १३०० न्यूटन जोर सोसायला हवा. तेवढ्याच जाडीच्या भिंतीच्या सिरॅमिकला ६०० पुरतात. म्हणून भिंतीची लादी स्वस्त मिळाली म्हणून जमिनीवर घातली, की कोपऱ्यात गॅसची टाकी सरकवताना ती तडकते. हे मी शंभर वेळा बघितलंय, अतिशयोक्ती करत नाही.

आता तुमचे मिस्त्री कुठं बरोबर आणि दुकानदार कुठं बरोबर ते सांगतो.

बाथरूमच्या भिंतीला मिस्त्री शंभर टक्के बरोबर. भिंतीवर कुणी चालत नाही, बादली आपटत नाही. समोरून ग्लेझ म्हणजे काचच असते, पाणी तिच्यातून आत जात नाही. लादी पाणी पिते ती पाठीमागून. आणि इथं तो पिण्याचा गुण आपल्या कामाला येतो. सच्छिद्र पाठ सिमेंटचं पाणी ओढून घेते, सिमेंट छिद्रांत शिरतं आणि घट्ट धरतं. वजनालाही हलकी. म्हणूनच सिरॅमिक लादी लावण्याआधी मिस्त्री ती तासभर पाण्यात भिजवतात. नाही भिजवली तर ती सिमेंटच्या मालातलं पाणी हावऱ्यासारखी पिऊन टाकते आणि सिमेंट कच्चंच वाळतं. पोर्सेलीन भिजवणारा मिस्त्री दिसला तर ओळखा, त्याला हातात काय आहे ते माहीत नाही.

ही गोष्ट मला शिकवणारा धडा माझ्याच कामानं दिला. व्हिट्रिफाइडच्या मोठ्या लाद्या आपल्याकडे नवीन होत्या तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घरात किचनच्या भिंतीला २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड लाद्या मी नेहमीसारख्या सिमेंटच्या पेस्टनं चढवल्या. दिसायला आरसा. आठ महिन्यांनी रात्री अडीचला फोन आला. वहिनींना आधी वाटलं मांजरानं भांडी पाडली. जाऊन बघतो तर तीन लाद्या ओट्यावर आणि भिंतीवर सिमेंट जसंच्या तसं. त्या सिमेंटवर लादीच्या पाठीच्या चौकटी उमटलेल्या, कंपनीचं नाव उलट्या अक्षरात स्वच्छ वाचता येत होतं. लादीची पाठ मात्र धुतल्यासारखी कोरी. सिमेंटनं तिचा ठसा घेतला, तिला धरलं नाही. धरायला छिद्रंच नव्हती! पूर्ण भिंत माझ्या पैशानं परत केली, आणि त्या दिवसापासून भिंतीवर व्हिट्रिफाइड चढवायची तर ॲडहेसिव्हशिवाय, म्हणजे लादी चिकटवायच्या खास मालाशिवाय, हात लावत नाही.

म्हणून पोर्सेलीनचा भाव विचारताना त्यात ॲडहेसिव्ह धरा. पिशवीवर आयएस १५४७७ आणि 'टाइप' छापलेला असतो. टाइप १ सिरॅमिकसाठी. व्हिट्रिफाइड भिंतीवर लावायची तर टाइप २ च्या खाली उतरू नका. २० किलोच्या पिशवीत साधारण ५० चौरस फूट होतं, तेही भिंत सरळ असेल तर. भिंत वाकडी असेल तर ती आधी प्लास्टरनं सरळ करा, ॲडहेसिव्हनं खड्डे भरू नका. दातेरी थापीनं पूर्ण पाठ भरायची. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून लादी दाबायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते. मधला भाग पोकळ राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक रुपयाचं नाणं घेऊन प्रत्येक लादीवर टकटक करा. भरीव आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथल्या तिथं काढायला लावा. मिस्त्री कुरकुर करतील, करू द्या.

हॉल, बेडरूम आणि किचनच्या जमिनीला दुकानदार बरोबर. तिथं व्हिट्रिफाइडच घाला. पूर्वी सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडच्या भावात मोठी दरी होती, आता २ बाय २ मध्ये ती बरीच बुजलीय. त्यातही तीन जाती दाखवतील. डबल चार्जमध्ये रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाडीचा असतो, वर पॉलिश. वरचा टवका गेला तरी रंग खाली असतोच. जीव्हीटी म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड, वर छपाई आणि ग्लेझ. डिझाइन सुंदर, पण टवका उडाला की बॉडी दिसते. फुल बॉडीत वरपासून खालपर्यंत एकच रंग, ती घरात कमी आणि वर्दळीच्या जागी जास्त घालतात. "पोर्सेलीन म्हणजे आरपार एकच रंग" असं कुणी सांगितलं तर तो अर्धवट ऐकून आलाय.

जीव्हीटी घेताना पीईआय नंबर विचारा. ग्लेझ किती झिजतं त्याचे हे १ ते ५ अंक. घरातल्या जमिनीला ३ चालतो, दरवाजाजवळच्या हॉलला ४ असावा, कारण पायाबरोबर वाळू येते आणि चकचकीत ग्लेझवर वाळूच चरे पाडते. तुमचं तर बांधकाम चालू आहे. फरशी झाल्यावर रंगारी, सुतार, वायरमन सगळे तिच्यावरून नाचणार. प्लास्टिक अंथरून वर पीओपीचा थर द्यायला सांगा, नाहीतर वास्तुशांतीलाच फरशी चार वर्षं जुनी दिसेल.

आता हळद. आपलं सांगली हळदीचं गाव, त्यामुळं हा प्रश्न मला हमखास येतो: "पोर्सेलीनवर हळदीचा डाग पडत नाही ना?" ऐकून आश्चर्य वाटेल, पण चांगल्या ग्लेझच्या साध्या सिरॅमिकवर हळद जितकी सहज पुसली जाते तितकी कधीकधी पॉलिश केलेल्या पोर्सेलीनवर पुसली जात नाही. कारखान्यात पॉलिश करताना वरची कातडी घासली जाते आणि आतली बंद असलेली सूक्ष्म छिद्रं उघडी पडतात. कंपन्या त्यावर लेप देतात, पण तो सगळ्यांचा सारखा नसतो. नमुन्याची लादी घरी आणा, हळद आणि तेल कालवून एक टिकली लावा, रात्रभर ठेवा, सकाळी साबणानं पुसा. हट्टी पिवळेपणा राहिला तर दोन दिवस उन्हात ठेवून बघा, हळदीचा रंग उन्हात उडतो. तरी राहिला तर ती लादी किचनला नको.

आणि खरं पिवळं पडतं ते लादी नव्हे, जॉइंट. जॉइंट भरायचा साधा सिमेंटचा ग्राउट फोडणीचं तेल पितो. ओट्यामागच्या डॅडोला, म्हणजे भिंतीवरच्या लाद्यांना, इपॉक्सी ग्राउट घाला. महाग आहे, भरायला किचकट आहे, वेळेत पुसला नाही तर लादीवर घट्ट बसतो. पण दहा वर्षांनी तुम्ही माझी आठवण काढाल. ॲसिड ओतून जॉइंट पांढरे करण्याचा उद्योग कुणालाच करू देऊ नका. ॲसिड सिमेंट खातं आणि पुढच्या डागाला वाट करून देतं.

बाथरूमच्या जमिनीला व्हिट्रिफाइडच, पण मॅट आणि लहान. १२ बाय १२ इंची घ्या. मोठी लादी उताराला वळत नाही. मग मोरीच्या जाळीभोवती पाणी थांबतं. अंगणाला, पार्किंगला, जिन्याला जाड, खरखरीत पार्किंग टाइल्स. गाडीचा साइड स्टँड एकाच टोकावर सगळं वजन टाकतो, तिथं सिरॅमिकचा विचारही नको. गच्चीवर मात्र मी अजून ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या कोब्यावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक सुचवतो. जुनी पद्धत आहे आणि उन्हात चांगली टिकते.

पुराचं विचारलं नाहीत, पण सांगलीत राहून ते टाळता येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी उतरल्यावर मी गावभाग आणि सांगलीवाडीत महिनोन् महिने दुरुस्तीच करत होतो. व्हिट्रिफाइड फरशी चिखल धुतला की जशीच्या तशी. पण तिच्याखालचा वाळूचा थर बऱ्याच घरांत खचला होता, फरशी ढोलासारखी वाजत होती. भिंतीच्या सिरॅमिकचं उलटं. लगेच काही दिसलं नाही, पुढच्या वर्षभरात काहींच्या ग्लेझवर केसासारख्या तडांचं जाळं आलं. बॉडी पाणी पिऊन किंचित फुगते, वरची काच फुगत नाही, मग काच तडकते. तुमचं कुपवाड उंचावर आहे, तुम्हाला ही काळजी नाही. पण सांगलीवाडीत माहेर असलेल्या कुणी हे वाचत असेल तर खालच्या मजल्यावर कमरेपर्यंतच्या भिंतीला व्हिट्रिफाइड आणि खाली वाळू न वापरता पक्क्या काँक्रीटवर ॲडहेसिव्ह, हा खर्च करा.

मापाबद्दल थोडं. २ बाय २ म्हणतात ती लादी ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार लाद्यांच्या खोक्यात १६ चौरस फूट धरून हिशेब कराल तर कमी पडेल; खरे साडेपंधरा असतात. सरळ मांडणीला ५ टक्के, तिरक्या मांडणीला १० टक्के जादा धरा. पोर्सेलीन भट्टीत सात-आठ टक्के आक्रसते, ६५० च्या आसपासची कच्ची लादी ६०० होऊन बाहेर पडते. त्यामुळं दोन लॉटमध्ये मिलिमीटरभर फरक पडू शकतो आणि शेडही बदलते. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर उतरवून घेतानाच जुळवा, ट्रक गेल्यावर नव्हे.

२ बाय ४ घेणार असाल तर विटांसारखी अर्ध्यावर अर्धी मांडणी करू नका. लांब लादी मधोमध किंचित फुगीर असते. तिच्या फुगवट्याशेजारी दुसरीचं टोक आलं की पायाला ठेच लागते. तिसऱ्या हिश्शावर सरकवा, किंवा सरळ मांडा. आणि "जॉइंट नकोच, एकसंध दिसू दे" हा हट्ट सोडा. दोन लाद्यांमध्ये फट राखणारे दोन मिलिमीटरचे स्पेसर घालायला लावा, भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकते. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की जागा न मिळालेली फरशी मधूनच तंबूसारखी उठते, फटाका वाजावा तसा आवाज होतो. लोक म्हणतात लादी खराब निघाली. लादी बिचारी प्रसरण पावत होती.

गीझर आणि आरशासाठी भोकं पाडताना व्हिट्रिफाइडवर ड्रिल मशीन हॅमरवर, म्हणजे ठोके देत फिरणाऱ्या सेटिंगवर, ठेवून घुसवलं तर लादी चिरतेच. चिकटपट्टी लावून, हॅमर बंद करून, हिऱ्याच्या बिटानं पाणी सोडत लादीपार जायचं, मग भिंतीला हॅमर. सिरॅमिकला एवढे लाड लागत नाहीत, तिथं साधा हातकटरही चालतो. व्हिट्रिफाइडला ब्लेड जास्त झिजतं म्हणून मजुरीही जास्त मागतात, आणि ती रास्त आहे.

सगळं झाल्यावर प्रत्येक प्रकारचं एक खोकं माळ्यावर टाका. लादीच्या पाठीवर मार्करनं खोलीचं नाव, बॅच नंबर आणि महिना-वर्ष लिहा. खोक्याचा पुठ्ठा वाळवी खाते, लादीला ती काही करत नाही.